स्टार्टरमधलं तेल

मला पगार मिळतो तो शंका घेण्याचा. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे. जुनी यंत्रं, जुने पॅनेल, जुन्या वायरी मोडीत काढायच्या आधी त्यात माणसाला घातक असं काय काय आहे ते ओळखायचं, हे माझं काम. मी नुसतं ‘थांबा’ म्हटलं तरी मोठमोठे इंजिनिअर हात मागं घेतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा माझ्या या हुद्द्याची काय वासलात लागली ते समजायला सोपं जाईल.

माहेर तेलगावच्या जवळ, उसाच्या पट्ट्यात. बीडच्या दवाखान्यातून मुलीला घेऊन घरी आले आणि आईनं मला बाजेवर आडवं केलं. कानात कापसाचे बोळे, डोक्याला घट्ट रुमाल, बाजेखाली शेक. वाचायचं नाही, डोळे अधू होतात. मोबाईल बघायचा नाही, त्यानंही डोळेच अधू होतात. फार बोलायचं नाही, अंगात वारं शिरतं. राहिलं काय, तर उताणं पडून वर बघायचं. आणि आमच्या घरात वर बघितलं की दिसते ती वायरिंग.

ही वायरिंग अण्णांच्या आयुष्यातली मोठी कमाई. अण्णा म्हणजे माझे वडील. एके काळी ते गावचे सरपंच होते, पण त्याचं त्यांना एवढं काही नाही. गावात पहिला मीटर आपल्या घराला लागला, हे मात्र ते अजून नव्या माणसाला पहिल्या चहाच्या आत सांगतात. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या कापडी वेष्टणाच्या वायरी, काळी गोल बटणं, चिनीमातीचे फ्यूज. दर खंडेनवमीला कोयते, नांगर यांच्याबरोबर मीटरच्या बोर्डालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. त्या कुंकवाचे थर इतके साचले होते की मूळ बोर्ड कसल्या रंगाचा आहे ते मी लहानपणापासून कधी पाहिलेलं नव्हतं.

आता बाजेवर पडल्या पडल्या पाहिला. अण्णांनी एका कोपऱ्यातलं कुंकू पुसलं होतं, त्याच्या खाली करडी, दगडासारखी पाटी होती. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. त्याच वेळी अण्णा हातात ड्रिल घेऊन स्टुलावर चढत होते. लेकरू आलंय, लाईट जाते, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर आणला होता आणि त्याची वायर ओवायला त्यांना त्या पाटीला भोक पाडायचं होतं.

“अण्णा, त्या पाटीला भोक पाडू नका.”

“कावून?”

“त्यात ॲस्बेस्टॉस असणार. भुगा उडाला तर श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतो. लेकरू आहे घरात.”

“अगं, लई घट्ट पाटी हाय ही. तुझ्या जन्माच्या आधीपासनं हाय. एक टवका उडाला न्हाई आजवर.”

“टवका उडाला नाही तेच बरं. धोका भुग्याचा आहे. आहे तशी राहू द्या.”

“मंग मी बी तेच म्हणतोय की. चांगली हाय पाटी.” आणि त्यांनी ड्रिलचं बटण दाबलं.

माझ्या नशिबानं लाईट गेली. तेवढ्या वेळात मी बाजेवर उठून बसले, रुमाल सोडायची धमकी दिली आणि आईनं अण्णांना स्टुलावरून खाली उतरवलं. इन्व्हर्टरची वायर शेवटी खिडकीच्या चौकटीतून गेली. ‘पोरगी शिकून घाबरट झाली,’ असा निकाल अण्णांनी दिला. मी मनातल्या मनात दात खात पडून राहिले, कारण मोठ्यानं दात खाल्ले तर तेही बाळंतिणीला वर्ज्यच असणार.

पण एकदा शंका सुरू झाली की मला थांबता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी चिनीमातीच्या फ्यूजची चौकशी केली. तसल्या जुन्या फ्यूजच्या आत ठिणगी अडवायला पांढऱ्या धाग्यांचा पुंजका बसवलेला असतो, तोही पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचाच. “त्यो व्हय?” अण्णा म्हणाले. “त्यो कापूस जुना झालता. मागंच काढून टाकला. नवा घातला.” नवा म्हणजे कुठला, विचारलं. तर आई ज्या कापसाच्या देवाला वाती वळते, तो. म्हणजे घातक वस्तू घरातून गेली होती आणि तिच्या जागी घर पेटायची सोय झाली होती.

मग परसात बंद पडलेल्या ट्यूबलाइट सापडल्या. सापडल्या म्हणजे मी खिडकीतून पाहिल्या. अण्णांनी त्या जमिनीत उभ्या रोवून त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता. मी सांगितलं की ट्यूबमध्ये पारा असतो, ती फुटली तर त्याची वाफ होते, तो मातीत जातो, भाजीच्या वाफ्यात असली वस्तू नको. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. “फुटली तर ना?” ते म्हणाले. “म्या कशाला फोडू? वेल पडंल माझा.”

अशी माझी तपासणी चालली होती आणि अशी तिची फळं मिळत होती. पण हे सगळं भिंतीवरचं, परसातलं. खरी गोष्ट माझ्या नाकाशी आली ती आईमुळे.

बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी, शेपा, खोबरेल यांचा वास असतो. आई माझ्याजवळ लाडूची ताटली घेऊन वाकली आणि मला त्यात एक वेगळा वास आला. जळकट, डांबरासारखा, माझ्या पूर्ण ओळखीचा. हा वास आमच्या कारखान्यात जुना कपॅसिटर उघडला की येतो.

“आई, हा कसला वास?”

“गुडघ्याचं तेल हाय.”

“कुठलं?”

“घरचंच.”

अण्णा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी अभिमानानं खुलासा केला. आडावर नवी मोटार बसवली तेव्हा ओसरीतला जुना स्टार्टर उतरवला. तो तेलात बुडवलेला असायचा, ते तेल निघालं. शेजारी कपॅसिटरचा डबा होता, त्याला खिळ्यानं भोक पाडलं, त्यातूनही थोडं निघालं. दोन्ही एका बाटलीत भरून ठेवलं. आमच्याकडे गुडघे, कंबर, खांदा, काहीही दुखलं की डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, तेल लावतात. ज्याला बाटलीभर मिळालं तो भाग्यवान. “लोकं डीपीचं लावत्यात,” अण्णा म्हणाले, “ते चोरीचं असतंय. आपलं घरचं हाय.”

मी डोळे मिटून घेतले. जुन्या कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन असू शकतं. आता ते वापरायला बंदी आहे, पण जुन्या डब्यांमध्ये अजून बसलेलं असतं. ते कातडीतून आत जातं, चरबीत मुरतं आणि लवकर निघत नाही. तान्ह्या मुलांना तर त्याचा सगळ्यात जास्त धोका. आणि आमच्या घरात तान्हं मूल रोज सकाळी त्या गुडघ्यांवर झोपत होतं.

कारण आई मुलीला न्हाऊ घालायची ती पायांवर. न्हाणीत पाट मांडायचा, लुगडं मांडीपर्यंत वर घ्यायचं, दोन्ही पाय लांब पसरायचे आणि नडग्यांवर लेकरू पालथं घालून चोळायचं. आमच्याकडे हे काम खरं तर एक बाई करायची, पण ती आपल्या माणसांबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, परतणार नव्हती. आईला त्याचं मुळीच वाईट वाटलेलं नव्हतं. मला मूल उशिरा झालं. तोवर तिच्या सगळ्या जावांनी आपापली नातवंडं पायांवर घेऊन न्हाऊ घातली आणि ही पाणी ओतायला उभी राहिली. आता कुठं तिचे पाय पसरायची पाळी आली होती. त्यापायी ती बाटली. गुडघे वाकत नव्हते, खाली बसता येत नव्हतं. ते तेल चोळलं की बसता-उठता येतं, असं तिचं म्हणणं.

मी सरळ सांगितलं, “एक तर तेल, नाही तर लेकरू. दोन्ही तुझ्या पायांवर नाही.”

आईनं ताटली खाली ठेवली. ती चिडली की काही बोलत नाही, वस्तू खाली ठेवते.

मी माझ्या नवऱ्याला फोन केला. त्यानं पुण्याहून बाळाला अंघोळ घालायचा प्लास्टिकचा गुलाबी टब धाडून दिला. आईनं टबाभोवती एक फेरी मारली. “ह्यात लेकरू बुडवायचं?” तिनं विचारलं. “लेकरू हाय का कांदं हायती?” दुसऱ्या दिवशी त्या टबात कुरडयांचे गहू भिजत होते.

मग अण्णांनी तोडगा काढला. तुला ते तेल ओळखता येतं ना, मग ओळखून दाखव. दोषी निघालं तर फेकू, नाही तर तुझ्या आईनं लावावं. आता घरच्या घरी करण्यासारखी एक साधी तपासणी आहे. कपॅसिटरमधलं ते घातक तेल पाण्यापेक्षा जड असतं, तळाशी बसतं. साधं खनिज तेल वर तरंगतं. दुसरी एक तपासणी जाळून करतात, पण तो धूर तेलापेक्षा वाईट, त्यामुळे तिचं मी नावही काढलं नाही. नाही तर अण्णांनी काडी ओढलीच असती.

काचेच्या ग्लासात पाणी आलं. सगळं घर बाजेभोवती जमलं, म्हणजे आई, अण्णा आणि माझ्या कुशीत झोपलेली मुलगी. मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून थेंब सोडला. थेंब जरासा आत गेला, घुटमळला आणि वर येऊन पसरला.

“तरंगलं,” अण्णा म्हणाले.

“तरंगलं,” आई म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहू लागली.

मी समजावून सांगायला लागले. बाटलीत दोन तेलं मिसळली आहेत, स्टार्टरचं पुष्कळ आणि कपॅसिटरचं थोडं. थोडं घातक तेल पुष्कळ साध्या तेलात विरघळलं तर सगळंच तरंगणार. तेव्हा तरंगलं म्हणून ते निर्दोष ठरत नाही. नक्की कळायला प्रयोगशाळेतच जायला हवं. आणि तोवर ते मातीत ओतायचं नाही, आडाजवळ न्यायचं नाही, चुलीत घालायचं नाही.

“म्हंजी बुडलं तरी दोषी, तरंगलं तरी दोषी,” अण्णा म्हणाले. “तुमच्या कंपनीत माणसं कशी टिकत्यात गं?”

मी एका लहान शिशीत नमुना घेऊन, मुलीला बघायला आलेल्या नवऱ्याबरोबर पुण्याला पाठवला. पण प्रयोगशाळेचा निकाल यायला वेळ लागतो आणि लेकराची अंघोळ रोज असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं नेहमीसारखं पाणी तापवलं, पाट मांडला आणि मुलीला उचललं. मी आडवी आले. तिनं लुगडं वर घेऊन गुडघे माझ्या नाकाशी आणले. खोबरेलाचा वास आला.

“साबणानं धुतलंय. वजरीनं घासलंय,” ती म्हणाली. “वास घे अजून.”

मी वास घेतला आणि वाट सोडली. पण माझी खात्री होती की ही बाई अंघोळीच्या आधी गुडघे धुते आणि अंघोळ झाली की पुन्हा बाटली काढते. शिवाय तिनं नाही म्हटलं नव्हतं. “बाटली कुठंय?” म्हटलं की म्हणायची, “हाय जागच्या जागी.” आमच्या कारखान्यात असं उत्तर देणाऱ्याचं काम मी तिथल्या तिथं थांबवलं असतं. इथं मला डिंकाचा लाडू मिळायचा. मी अण्णांना बाटली शोधायला लावलं. ते घरभर फिरून आले आणि म्हणाले, न्हाई सापडत. पण ते ज्या तऱ्हेनं छताकडे बघत म्हणाले त्यावरून मला कळलं की हेही तिकडचेच.

माझा राग दिवसेंदिवस वाढत चालला. एवढ्या माणसांना शहाणं करते मी, आणि माझ्या सख्ख्या आईला माझ्या मुलीपेक्षा एक बाटली जास्त झाली, असं मला वाटायला लागलं. पडल्या पडल्या रडूही आलं. त्यानंही डोळे अधू होतात, म्हणून आईनं दटावलं.

एका सकाळी न्हाऊनमाखून, दूध पिऊन मुलगी झोपली. घरात आईचा आवाज नव्हता. मला वाटलं, हीच वेळ. आत्ता ती न्हाणीत बसून गुडघ्यांना तेल चोळत असणार. मी बाजेवरून पाय खाली टाकले, नेम मोडून भिंतीच्या आधारानं न्हाणीपर्यंत गेले आणि दार ढकललं.

आई पाटावर पाय पसरून बसली होती. मांडीवर मेथीची जुडी, एका बाजूला निवडलेली पानं, दुसऱ्या बाजूला रिकामी कपबशी. अंगावरचं लुगडं अजून ओलंच. तेलाची बाटली नव्हती.

“काय करतेस?”

“मेथी निवडतीय.”

“न्हाणीत?”

“ऊन चांगलं येतंय हितं.”

आमच्या न्हाणीला खिडकी नाही. मी दारातून हलले नाही. तिनं दोन काड्या निवडल्या, मग जुडी खाली ठेवली.

“बसाया येतंय मला,” ती म्हणाली. “उठाया येत न्हाई. लगीच उठवलं तर लई कळा येत्यात, म्हणून लेकरू तुला देऊन तुझे अण्णा शेतात जात्यात, आले की उठवत्यात.”

म्हणून अण्णा हल्ली सकाळच्या चहाला न चुकता घरी येत होते. म्हणून मेथी, लसूण, शेंगा, सगळं निवडणं-सोलणं अंघोळीनंतरच निघत होतं. आणि मुलीला न्हाऊ घातल्यावर माझ्या कुशीत आणून द्यायलाही अण्णाच का येत, हे मला इतके दिवस विचारावंसं वाटलं नव्हतं. घरभर वायरी तपासणाऱ्या मला.

“तेल?” मी विचारलं.

“तू म्हणलीस त्याच दिवशी सोडलं.”

“अगं, पण ते तरंगलं होतं. तू जिंकली होतीस.”

“तरंगलं की. पण तू म्हणलीस ना, खात्री न्हाई. खात्री न्हाई ते लेकराच्या अंगाला कशाला लागू देऊ म्या?”

“मग मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, आई, तुझं गुडघं दुखतंय, राहू दे, टब काढ.” तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “म्हणली असतीस का न्हाई?”

म्हटलंच असतं. मला तिच्यापुढं खाली बघावं लागलं. बाटलीचं विचारलं तर ती म्हणाली, मातीत न्हाई, आडात न्हाई, चुलीत न्हाई, मंग ठेवणार कुठं? बूच घट्ट लावून माळ्यावर ठेवली होती.

मी तिला उठवायला वाकले तशी ती खेकसली, टाके तुटतील. ती स्वतः उठायला गेली तशी मी खेकसले. मग मीच भिंतीला टेकून हळूहळू तिच्या शेजारी बसले आणि बसल्यावर कळलं की मलाही आता उठता येणार नाही. ते कळताच आईला हसू आलं. मी हसले तर टाके ओढायला लागले, म्हणून मी हसता हसता कळवळले, त्यानं तिला जास्तच हसू आलं. अण्णा येईपर्यंत आम्ही मेथी निवडून संपवली. त्यांनी दारातून आत बघितलं, पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, “आता दोगी बी व्हय? आधी कुणाला उचलू ते सांगा.”

पुढे मी पुण्याला परतले. प्रयोगशाळेचा निकाल आला तो त्याच्यानंतर. तेलात पीसीबी सापडलं नाही. मी आईला फोन केला. म्हटलं, तुझं तेल त्या बाबतीत तरी निर्दोष निघालं, पण तरी ते जुनं, जळकं आहे, अंगाला लावायचं नाहीच. मला वाटलं, ती आता माझी यथेच्छ उडवणार.

“न्हाई लावत,” ती म्हणाली. “आता खाली बसायचं तरी कुणासाठी?”

त्याच आठवड्याच्या सुट्टीला मुलीला घेऊन मी बीडची गाडी धरली आणि तिला तसं कळवलं. बीडला गाडी बदलून, तेलगावला उतरून घरी पोचलो तेव्हा उन्हं बरीच वर आली होती. ओसरीत कोणी नव्हतं. न्हाणीच्या दारातून वाफ येत होती. आत आई पाटावर, लुगडं वर घेऊन, पाय पसरून बसलेली होती. पाणी काढलेलं, शेजारी खोबरेलाची वाटी. कधीपासून बसली होती, ते मी विचारलं तरी तिनं सांगितलं नाही.